दोराचं दुसरं टोक

वकिलानं ‘वस्तू’ म्हटलं म्हणून एवढं अंगाला झोंबायचं खरं तर काही कारण नव्हतं. वकील बिचारा सरळ माणूस. टेबलावर गार झालेला चहा, नाकावर घसरलेला चष्मा, बोलता बोलता पेनाच्या टोपणानं कान खाजवायची सवय. त्यानं आपलं लहान मुलाला समजावावं तसं सांगितलं. "कायद्यापुढे कुत्रा म्हणजे वस्तू, साहेब. टेबल, खुर्ची, सायकल, त्यातलाच प्रकार. तुमची वस्तू त्यांच्या यंत्रामुळे नष्ट झाली, असा दावा लावायचा. विकत घेतली होती?" "नाही. रस्त्यावर सापडला होता." "अरेरे," वकील म्हणाला, आणि ते अरेरे कुत्र्यासाठी नव्हतं, दाव्यासाठी होतं, हे कुणालाही कळलं असतं. समोर बसलेल्या त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ढब्बूला या माणसानं टेबलखुर्चीत नेऊन बसवला होता, आणि ढब्बू तर जन्मात कधी खुर्चीवर चढला नव्हता. त्याला जमीनच लागायची. त्यातही नेमकी दारातली, जिथं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याला ओलांडावं लागेल आणि ओलांडताना दोन शिव्या घालाव्या लागतील अशी. पण वकिलाचं पुढचं चालूच होतं. कुत्र्याचं सोडा म्हणाला, तुमचे वडील बघा. ते लिफ्टमध्ये होते, त्यांच्या हाताला हिसका बसला, मनावर आघात झाला, माणूस काही वस्तू नव्हे. तीन दावे लावू. एक लिफ्टच्या कंपनीवर, एक तुमच्या इमारतीच्या कमिटीवर, एक तो पट्टा बनवणाऱ्यांवर. फक्त वडिलांना कोर्टात उभं राहावं लागेल. समोरचा वकील त्यांना एकच गोष्ट दहादा विचारेल, की हिसका बसल्यावर तुम्ही पट्टा धरून ठेवलात की सोडून दिलात. "तर काय झालं होतं नक्की?" वकिलानं पेन उघडून विचारलं. "ते बघू," तो म्हणाला. "म्हणजे? तुम्ही विचारलं असेल ना त्यांना?" यावर त्यानं नुसतीच मान हलवली, ती हो आणि नाही यांच्या मधे कुठंतरी हलली, आणि शनिवारी सकाळी घरी या, वडिलांशी बोला, असं सांगून तो उठला.

झालं होतं ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, आणि इमारतीत प्रत्येकजण ते जिन्यात उभं राहून निराळं सांगत होता. सकाळी ढब्बूला खाली न्यायचं काम बाबांचं. त्याला स्वतःला लॅबला जायची घाई असायची, बायको त्याच्याही आधी निघायची, आणि बाबा रिकामे. ढब्बूला लिफ्टच्या उंबऱ्याची भीती वाटायची. आतली फरशी आणि बाहेरची फरशी यांच्यामधे जी बोटभर फट असते, तिच्यापाशी आला की तो चारी पाय रोवून उभा राहायचा, खाली हुंगायचा, वर बघायचा, जसं काही त्याला विहिरीत उतरायला सांगितलंय. उचलून घ्यावं तर धूड केवढं! म्हणून घरातल्या सगळ्यांनीच एक रीत पाडली होती. आपण आधी आत शिरायचं, पट्टा सैल सोडायचा, आणि आतून हाक मारायची, "चल रे शहाण्या." मग शहाणा एक मोठी उडी मारून आत यायचा आणि मोठाच पराक्रम केल्यासारखा शेपूट हलवायचा. त्या दिवशी बाबा आत शिरले, हाक मारली, आणि दार लागलं. दाराला आपला एक डोळा असतो म्हणे, मधे काही आलं तर दिसावं म्हणून, पण पट्टा पडला बारीक, त्या डोळ्याला तो दिसलाच नाही. लिफ्ट निघाली खाली. पट्टा डबीतला, लांब होणारा, त्यानंच हौसेनं आणलेला. तो लांब होत होत संपला, बाबांचा हात वर खेचला गेला, हातातून डबी गेली ती दाराच्या वरच्या कडेला जाऊन अडकली. वर दाराबाहेर ढब्बू होता. पुढचं त्यानं स्वतः बघितलेलं नव्हतं, समोरच्या घरातल्या बाईनं बघितलं होतं, आणि ती सांगायला लागली तेव्हा त्यानं तिला हात जोडले होते.

लॅबमध्ये तो दात करायचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणात दात बसवायचे, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा, कुठं टोचतंय, कुठं फट राहतेय. रिकाम्या घरात नसेल इतकी त्या खोलीत शांतता असायची, नुसती यंत्राची बारीक घूं घूं आणि दाताची भुकटी. हे काम त्याला आवडायचं, कारण यात चूक कुणाची ते लगेच कळायचं. दाढ उंच असली तर दाढच उंच असायची. आता हात काम करायचे आणि डोक्यात कोर्ट भरायचं. कंपनी म्हणाली दुरुस्ती वेळेवर झाली होती. दुरुस्तीला आलेला मेकॅनिक म्हणाला, दार जरा घाईचं होतं हे मी कमिटीला सांगितलं होतं. कमिटीचा अध्यक्ष म्हणाला, अहो पण लिफ्टमध्ये पाटी लावली होती की, दारात उभे राहू नये, आता कुत्र्याला वाचता येत नाही त्याला आम्ही काय करणार. आणि आपण विनोद केला हे लक्षात आल्यावर खोकला. पट्टा विकणारा म्हणाला, डबीवर सूचना छापलेली आहे. म्हणजे सगळ्यांचे हात वर! एवढंच कमी होतं म्हणून कंपनीचा एक तरुण साहेब फळांची टोपली घेऊन घरी आला, कडक इस्त्री, मऊ आवाज, "आमच्याकडून एक छानसं पिल्लू घेऊन देतो, चांगल्या जातीचं." जखमेवर मीठ चोळणारे पुष्कळ बघितले होते, फळं घेऊन येणारा हा पहिलाच. त्यानं टोपली उचलून त्या साहेबाच्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं, आणि दार लावताना आधी खाली उंबऱ्याकडे बघितलं, कारण दार लावणं ही आता साधी गोष्ट राहिली नव्हती. या सगळ्यांना कुणीतरी एका रांगेत उभं करायला हवं, एकेकाला विचारायला हवं, बोल, तू काय केलंस, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचं नाही. असा विचार करता करता त्याच्या हातातली दाढ इतकी घासली गेली की वरच्या जबड्याशी तिची भेटच होईना. त्यानं ती उपटून फेकून दिली आणि नवं मेण तापवायला घेतलं.

घरी बाबा खिडकीशी बसलेले असायचे. उजव्या हाताच्या तळव्यावर लाल चट्टा पडला होता, तो आता पिवळट झाला होता. त्या दिवसापासून त्यांनी कवळी घातली नव्हती. त्यानंच केलेली, हवी तशी बसावी म्हणून चार वेळा मोडून केलेली कवळी, ती वाटीतल्या पाण्यात पडून होती, आणि बाबा मऊ भात, दूध-पाव असलं काहीबाही गिळायचे आणि बोलायचे नाहीत. तसे बाबा बोलके. एक गोष्ट सांगायला घेतली की तिच्यातून तीन फुटायच्या, बायको म्हणायची, बाबांना वेळ विचारली तर ते घड्याळ कुणी बनवलं तिथपासून सुरू करतात. आता मात्र अळीमिळी गुपचिळी. आणि घरातल्यांनीही अशी काही काळजी घेतली होती की त्यांना बोलायची वेळच येऊ नये. त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं, की "बाबा, तुमची काही चूक नाही." एकदा ते म्हणाले, "त्या दिवशी ना, लिफ्टमध्ये..." आणि तो लगेच, "बाबा, जाऊ द्या ते, तुमची काही चूक नाही." बायको तेच. फोनवर बहीण तेच. डॉक्टरही तेच, वर आणखी, "सोडलात ते बरं केलंत, आजोबा, नाहीतर हात खांद्यातून गेला असता." बाबांनी डॉक्टरकडे बघितलं होतं, मग त्याच्याकडे बघितलं होतं, आणि तो घाईघाईनं औषधाच्या गोळ्या पिशवीत भरायला लागला होता. कारण डॉक्टरनं सहज जी गोष्ट बोलून टाकली होती ती घरात कुणी बोलत नव्हतं. सोडलात. बाबांनी सोडला होता.

बाबांनी दोर सोडला असणार यात त्याला पहिल्या क्षणापासून शंका नव्हती, आणि तेच तर डोक्यात घण घालत होतं. बाबांनी सगळी उमर नाट्यगृहात दोर ओढण्यात घालवली. रंगमंचाच्या वर, जिथं प्रेक्षकांची नजर पोचत नाही, तिथं पडदे टांगलेले असतात, राजवाडा, जंगल, नदीकाठ, आणि प्रत्येकाला दोर, आणि दोराच्या या टोकाला बाबा. लहानपणी तो विंगेत पोत्यावर बसून बघायचा. एकदा चालू प्रयोगात राजवाड्याचा दोर सुटून पळायला लागला. बाबांच्या जोडीदारानं तो धरून ठेवला आणि त्याच्या तळव्याची सालं निघाली. बाबांनी मात्र क्षणात हात उघडला, आणि "सांभाऽऽऽळ!" अशी आरोळी ठोकली की रंगमंचावरचे राजा-राणी दोन्ही बाजूंना पळाले आणि अख्खा राजवाडा मधोमध धाडकन खाली आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोकांना वाटलं नाटकातच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना बाबा म्हणाले होते, आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, दोर पळायला लागला की विचार करायचा नाही, सोडायचा. दोर दुसरा मिळतो, हात मिळत नाही. तो केवढा फुशारला होता तेव्हा! वर्गात सगळ्यांना सांगत सुटला होता, माझ्या बाबांनी राजवाडा सोडला, राजवाडा. आणि आता ती आठवण आली की तो ती झटकून टाकायचा. कारण समोरची बाई, त्यानं हात जोडायच्या आधी, एवढं सांगून बसली होती की लिफ्टच्या आतून तुमच्या वडिलांनी काहीतरी मोठ्यानं आरोळी दिली, सांभाळ का काय. म्हणजे त्या क्षणी बाबा लिफ्टमध्ये नव्हतेच. ते नाट्यगृहात वर, दोरांच्या माचीवर होते, त्यांच्या हातात राजवाडा होता, आणि राजवाडा सोडायची त्यांच्या हाताला सवय होती. पण खाली पळायला राजा-राणी नव्हते हो! वर ढब्बू होता! धरून ठेवला असता तर? मेकॅनिकला त्यानं खोदून खोदून विचारलं होतं. माणसानं जोर लावून धरला असता तर पट्टा तुटला असता का, दाराला ताण कळला असता का, लिफ्ट थांबली असती का. मेकॅनिक कानशील चोळत म्हणाला होता, काही सांगता येत नाही साहेब. काही सांगता येत नाही! या चार शब्दांवर माणसानं किती दिवस काढायचे?

"तू केस कर नाहीतर सोडून दे, पण हे रोजचं दळण आता बंद कर," बायको म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी ती भांडी पुसत होती आणि तो ओट्याला टेकून तिला तिन्ही दावे परत समजावून सांगत होता. "दावा कुणावर लावतोयस तू नक्की?" "सांगितलं ना, कंपनीवर, कमिटीवर..." "ते वकिलाला सांग. मला सांगू नकोस." ती थांबली, बाबांच्या खोलीकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत रे. त्यांना कोर्टात उभं करून काय मिळणार तुला? हात दाखवून अवलक्षण. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काय उगाच?" तो चिडून म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना मोकळं सोडायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी?" "संन्यासी कोण यात?" तिनं विचारलं. त्याला उत्तर सुचलं, पण ते तोंडातून बाहेर काढलं असतं तर या घरात पुन्हा कुणी एका टेबलावर जेवलं नसतं असं त्याला वाटलं, आणि तो पाणी प्यायला. खोटं कशाला, बाबांचा चेहरा समोर आला की त्याच्या मनात दया यायच्या आधी दुसरंच काहीतरी यायचं. सकाळी ते दूध-पाव खाताना त्यांच्या तोंडाचा जो मिचमिच आवाज व्हायचा तो त्याला सहन व्हायचा नाही. त्यांचा तो तळवा, तो तळव्यावरचा चट्टा, एवढासा चट्टा, तो त्याला कमी वाटायचा. असं वाटलं की त्याला स्वतःची किळस यायची, आणि किळस आली की तो कंपनीच्या नावानं आणखी जोरात बोटं मोडायचा. बायकोनं फडकं झटकलं. "तो माझाही होता," ती म्हणाली, "माझ्याही पायावर झोपायचा," आणि दिवा घालवून निघून गेली.

शनिवारी वकील वेळेवर आला. जिन्यानं आला, धापा टाकत, कारण लिफ्टला अजून कुलूप होतं. बायकोनं चहा दिला. बाबांना त्यानंच हाताला धरून बाहेर आणून बसवलं आणि बघतो तर बाबांनी कवळी घातलेली होती, शर्टही धुतलेला, केस विंचरलेले. वकील म्हणाला, "आजोबा, घाबरायचं नाही. आता मी समोरच्या बाजूचा वकील, असं समजा. मी वाकडं विचारणार, तुम्ही सरळ सांगायचं. ठीक?" बाबांनी मान हलवली. वकील खुर्चीत पुढे सरकला आणि त्याचा आवाजच बदलला, कान खाजवणारा माणूस कुठल्या कुठं गेला. "कुत्रं बाहेर आहे हे तुम्हाला दिसत होतं?" "त्यांचं लक्ष..." तो मधेच म्हणाला. वकिलानं हात वर केला. "दिसत होतं," बाबा म्हणाले. "तरी तुम्ही आधी आत गेलात?" "आम्ही सगळेच तसं करायचो," तो म्हणाला, "मीच सांगितलं होतं तसं करायला, त्यांची काही चूक..." "साहेब, तुम्हाला कोर्टात असं बोलता येणार नाही," वकील वैतागून म्हणाला. "तुम्ही जरा बाहेर बसता का?" "तो इथंच बसू दे," बाबा म्हणाले. घरात इतक्या दिवसांनी त्यांचा पूर्ण आवाज ऐकू आला, दात असलेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"हिसका बसला," वकील म्हणाला. "पट्ट्याची डबी तुमच्या हातात होती. मग काय केलंत?" आणि लगेच स्वतःच्या मूळ आवाजात, जरा खाजगीत, "आजोबा, इथं मी सुचवतो. तुम्ही घट्ट धरून ठेवली होती आणि यंत्रानं ती ओढून नेली, म्हणूनच हाताला दुखापत. असं आलं तर केस आपली. सोडली म्हणालात तर त्यांचा वकील नाचेल. तर काय केलंत?" "धरून ठेवली होती," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की तो स्वतःच दचकला. "बाबा, तेवढंच सांगायचं. कुणाला काय कळणार आहे?" बाबा त्याच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. एखादं अवजड काहीतरी दोघांनी मिळून उचलायचं असावं आणि एकानं अजून हात घातलेला नसावा, तसं. मग ते वकिलाकडे वळले. "तुम्ही भले माणूस आहात," ते म्हणाले, "इतक्या दिवसांत या घरात मला हे विचारणारे तुम्हीच पहिले. मी केसला तयार का झालो, माहितीय? मला वाटलं तिथं तरी कुणी विचारेल. इथं कुणी विचारत नाही. सगळे मला सांगतात की माझी चूक नाही. अरे, पण काय झालं ते तर ऐका आधी! न ऐकताच कसली माफी देता?" ते परत वकिलाकडे वळले. "तुमच्यापुढे नाही सांगत मी, राग मानू नका. यानं विचारलं तर सांगतो."

वकिलानं चहाचा कप उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला. इकडे त्याला वाटलं, उठावं, जिना उतरून सरळ लॅबमध्ये जावं, आज सुट्टी असली तर असू दे, किल्ली आहे आपल्याकडे. तीन दावे, तारखा, पुढची तारीख, त्यापुढची तारीख, वर्षानुवर्षं चालेल असं एक लांबलचक प्रकरण, आणि त्यात हा प्रश्न दुसऱ्या कुणी, काळ्या कोटातल्या कुणी परक्या माणसानं विचारायचा, आणि आपण मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायचं. एवढ्यासाठीच तर चाललं होतं हे सगळं. आणि समोर बाबा दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून वाट बघत होते. त्याला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारलं. हा माणूस आपल्याला सुटूसुद्धा देत नाही! "का सोडलात?" तो ओरडला. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "का सोडलात, बाबा? एक क्षण धरवलं नाही तुम्हाला? जाऊ द्यायचा होता हात! माझा असता तर मी जाऊ दिला असता!" बायको "अरे..." म्हणाली आणि थांबली. बाबांनी डोळे मिटले, उघडले. "दोर पळाला," ते म्हणाले, "आणि हातानं सोडला. हे सगळ्यांना सांगता येईल, हाताची सवय म्हणून. पण ते खरं नाही. म्हणजे अर्धंच खरं. डबी सुटायच्या आधी एक क्षण मला वर ताण लागला. जिवंत ताण होता तो, पडद्याचा नव्हता. दुसऱ्या टोकाला तो आहे हे मला कळलं होतं. कळल्यावर मी सोडला. भीती वाटली रे. हाताची भीती वाटली."

वकील कधी उठला, बायकोनं त्याला दारापर्यंत कधी पोचवलं, आणि तो जाताना "मग मी काय समजू?" असं विचारून गेला त्याला काय उत्तर दिलं, यातलं काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तो स्वतः जमिनीवर बसला होता, ढब्बूच्या दारातल्या जागेवर, भिंतीला पाठ लावून, आणि रडत होता तेही त्याला उशिरानं कळलं. दया वगैरे काही आली नव्हती. माफ करावंसं वाटत नव्हतं. "मला तुमचा राग आलाय," तो म्हणाला. "फार राग आलाय, बाबा. तो इतक्यात नाही जायचा."

"माहितीय," बाबा म्हणाले. ते खुर्चीचा हात धरून हळूहळू उठले आणि त्याच्याजवळ येऊन, गुडघ्यांची कुरकुर सोसत, खाली जमिनीवर टेकले. "बोलतोस कधी, एवढीच वाट बघत होतो."